वारा बघितल्याशिवाय नांगर उचलू नका

हर्णै, पाजपंढरी, आंजर्ले आणि आसपासच्या वाड्यांमधले नौकामालक, तांडेल, खलाशी आणि त्यांच्या घरच्या मंडळींना कळकळीचे आवाहन

31 जुलैला मासेमारीची बंदी संपते. दोन महिने घरात दर्याचा पैसा आलेला नाही. डिझेल-बर्फाची उधारी डोक्यावर आहे, त्यामुळे 1 ऑगस्टला सगळ्यांचीच घाई असणार. पण बंदी तारखेला उठते, वारा तारीख बघून पडत नाही. नैऋत्येचे वारे ऑगस्टमध्येही जोर करतात. म्हणून हात जोडून विनंती करतो : आपल्या बंदराचा वाऱ्याचा अंदाज बघितल्याशिवाय एकही होडी बाहेर काढू नका.

मोबाइलवर फिरणारा जिल्ह्याचा यलो किंवा ऑरेंज अलर्ट बहुतेक वेळा पावसाचा असतो. तो नाही म्हणजे समुद्र शांत आहे, असे समजू नका. ऑक्टोबर 2019 मधले ‘क्यार’ चक्रीवादळ कोकणात धडकलेच नाही, दूर समुद्रातून पश्चिमेकडे गेले. तरीही ऐन दिवाळीत आपल्या किनाऱ्यावर समुद्र खवळला होता.

हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वेगळा असतो. ‘ताशी 45 ते 55 किलोमीटर, झोत 65 पर्यंत’ असे त्यात लिहिलेले असेल, तर होडीला तडाखा त्या 65 च्या झोताचा बसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. आकडा नॉटमध्ये असेल तर आणखी सावध राहा : 25 नॉट म्हणजे ताशी सुमारे 46 किलोमीटर.

त्यातही आपल्या जागेची अडचण आपल्यालाच ठाऊक आहे. हर्णै बंदराला मोठ्या वाऱ्यात आडोसा नाही, म्हणून वारा वाढला की होड्या आंजर्ल्याच्या खाडीकडे धावतात. खाडीच्या मुखाशी गाळ आहे. ओहोटीचे पाणी बाहेर येत असताना समोरून पश्चिमेचा वारा आला, की तिथे लाटा उभ्या राहून फुटतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीची ओढ अधिकच असते. मुंबईच्या हवामान कार्यालयातून किंवा हैदराबादच्या सागरी माहिती केंद्रातून येणारा अंदाज मोठ्या पट्ट्याचा असतो, आपल्या खाडीच्या मुखाचा नसतो. तो हिशेब आपणच करायला हवा.

म्हणून आजपासून एवढे कराच :

1. नौकामालकांनो, इशारा असताना तांडेलाला ‘जा’ म्हणू नका. तांडेल नको म्हणाला, तर त्याचा शब्द शेवटचा माना. त्या दिवशीचे नुकसान पुढच्या फेरीत भरून निघेल.

2. तांडेलांनो, निघण्याच्या वेळेचा नव्हे, परतण्याच्या वेळेचा वारा बघा. त्या वेळी भरती आहे की ओहोटी, तेही बघा. व्हीएचएफ संच चालू ठेवा, कारण इशारा निघाल्यानंतरही येऊ शकतो. 2017 मध्ये ‘ओखी’ चक्रीवादळ आले, तेव्हा दक्षिणेकडचे कितीतरी मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेलेले होते. त्यांतल्या शेकडोंना थेट देवगड बंदरात आसरा घ्यावा लागला.

3. खलाशांनो, लाइफ जॅकेट फळीखाली ठेवू नका, अंगात घाला.

4. गावातल्या तरुणांनो, लिलावाच्या जागी एक फळा लावा. त्यावर रोज सकाळ-संध्याकाळ वाऱ्याची दिशा, वेग, झोत आणि भरती-ओहोटीच्या वेळा ठळक लिहा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, तर तेही लिहा.

5. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्यांनो, हाच फळा तुमच्यासाठीही आहे. पाहुणा कितीही आग्रह करो, वारा वाढला की फेरी बंद.

6. घरच्या मंडळींनो, होडी कुठे गेली आणि कधी परतणार, हे विचारून ठेवा. वेळ उलटली तर वाट बघत बसू नका. तटरक्षक दलाला 1554 वर लगेच फोन करा.

31 जुलैच्या संध्याकाळी फळ्यावर पहिला अंदाज लिहिलेला असला पाहिजे. तो वाचा, शेजारच्या होडीला सांगा आणि मगच ठरवा.