सातासमुद्रापलीकडचे वाद्य आणि दारातला कारागीर

बोईसर-तारापूर हा पट्टा कारखान्यांच्या भोंग्यावर जागणारा. १९६९ साली तारापूरला देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत विस्तारली आणि नाना प्रांतांतील कुटुंबे येथे स्थिरावली. प्रत्येकाने येताना आपापले सूर सोबत आणले. दिवसपाळी संपवून पेटी-पखवाजाच्या साथीने भजनाला बसणारे कामगार येथे आहेत आणि गणेशोत्सव-नवरात्रासाठी वाद्यवृंद उभा करणारे तरुणही आहेत. नवे वाद्य घ्यायचे म्हटले की हा तरुण आता मोबाईल हाती घेतो. जपानमधील वापरलेला कीबोर्ड, चीनमधील मिक्सर, अमेरिकेतील मायक्रोफोन असा सारा बाजार त्याच्या तळहातावर येतो. येथल्या दुकानापेक्षा किंमत कमी दिसते आणि मंडळाची वर्गणी त्या वाटेने जाते.

परदेशातून वाद्य मागवणे हा काही अपराध नव्हे. ज्या पेटीवाचून आपले कीर्तन आणि नाट्यसंगीत आज अपुरे वाटते, ती पेटी मूळची युरोपातली. १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यांनी हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य पायाने भाता चालवण्याचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला मांडी घालून, एका हाताने भाता मारत वाजवता येईल असे रूप दिले. पुढे त्यांचे सूर लावणारे आणि फाटलेला भाता सांधणारे कारागीर गावोगाव तयार झाले, आणि परके वाद्य आपले झाले. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीला दार बंद केले, तरी ती समाजातून हद्दपार झाली नाही, कारण तिला सांभाळणारे हात समाजात होते. आज सातासमुद्रापलीकडून येणाऱ्या प्रत्येक वाद्याला हाच प्रश्न विचारला पाहिजे : ते बिघडले तर उघडणारा हात आपल्या आसपास कोठे आहे?

हा प्रश्न व्यवहाराचाही आहे. पडद्यावरची किंमत ही अखेरची किंमत नसते. सीमाशुल्काची आकारणी वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर होते. त्यावर एकात्मिक वस्तू व सेवा कर बसतो. पूर्वी काही विक्रेते पार्सलावर ‘भेटवस्तू’ असे लिहून कर चुकवीत. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता भेट म्हणून होणारी अशी आयातच बंद केली. बिनतारी माइकला दूरसंचार खात्याची मान्यता लागते. ती नसेल तर पार्सल सीमाशुल्क कार्यालयात अडकू शकते. जपानमधील घरगुती वीज १०० व्होल्टची, अमेरिकेतील १२० ची, आपली २३० ची. हा फरक न पाहता खटका दाबला, तर उत्सवाच्या पहिल्याच संध्याकाळी यंत्र जळते. हमीपत्र पुष्कळदा विक्री झालेल्या देशापुरतेच असते आणि परत पाठवण्याचा खर्च बहुधा ग्राहकाच्याच माथी येतो.

कायद्याचे कवच आहे, हे खरे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा ग्राहकाला कोणी वाली नव्हता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागण्याचा अधिकार दिला. २०२० चे ई-वाणिज्य नियम भारतीय ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हावे, असे ते सांगतात. परंतु आयोगाचा आदेश मिळणे आणि तो शेन्झेनमधल्या एखाद्या अनामिक विक्रेत्याकडून पाळून घेणे यांत मोठे अंतर आहे. गलवानच्या संघर्षानंतर २४ नोव्हेंबर २०२० रोजी सरकारने ४३ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत अलीएक्स्प्रेस होते. राष्ट्राच्या सुरक्षेसाठी अशी दारे एका दिवसात बंद होऊ शकतात. ज्यांची सारी भिस्त त्या दारावर, त्यांनी याचाही विचार केला पाहिजे.

उलट चित्र मिरजेचे पाहावे. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात संस्थानिक पटवर्धनांच्या प्रोत्साहनाने तंतुवाद्ये करायला घेतली. पंढरपूर परिसरातील भोपळा, तुणीचे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्या घोटलेला कान यांतून तेथील तंबोरा आणि सतार घडते. २०२४ मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची जवारी बिघडली तर ती पुन्हा काढणारा माणूस नावानिशी माहीत असतो. आपल्या पालघर जिल्ह्यात तर वारली बांधव वाळलेला दुधी भोपळा, बांबू, मेण आणि ताडपत्र यांतून तारपा करतात, आणि पुष्कळदा घडवणारा व वाजवणारा एकच असतो. असा कारागीर टिकतो तो त्याच्याकडे नियमित काम आले तरच. आपण मानाची शाल वर्षातून एकदा देतो आणि वाद्याची मागणी मात्र परदेशी नोंदवतो. शालीवर कुणाचे घर चालत नाही.

मग करायचे काय? तबला, पखवाज, पेटी, तंबोरा येथलाच घ्यावा, करणाऱ्याकडून घ्यावा आणि दुरुस्तीही त्याच्याकडेच न्यावी. जे विद्युत उपकरण देशात मिळतच नाही ते खुशाल परदेशातून आणावे. परंतु सर्व करांसह किंमत, विजेचा दाब, हमीचा देश आणि दुरुस्तीचे ठिकाण या चार गोष्टी मंडळाच्या बैठकीत लेखी मांडूनच. वर्गणी समाजाची असते. तिचा हिशोब पावतीपाशी संपत नाही.

३० ऑगस्ट २०२४ रोजी याच जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. उद्या जगाचा माल आपल्या उंबऱ्याशी उतरेल. बंदराला दोन दिशा असतात. परदेशातील मराठी मंडळांना तंबोरे, तबले आणि पेट्या लागतातच. त्यांच्या मागण्या नीट नोंदवणे, वाद्याची मजबूत बांधणी करणे, कागदपत्रे पुरी करणे एवढे साह्य आपल्या शिकलेल्या तरुणांनी कारागिराला दिले, तर ज्या मोबाईलवरून आज पैसा बाहेर जातो त्याच मोबाईलवरून तो मिरजेच्या आणि जव्हारच्या घरात येऊ शकेल. स्वदेशीचा हा अर्थ बोईसरच्या तरुणाला समजावून सांगण्याची गरज नाही; तो स्वतः हातांनी वस्तू घडवणाऱ्यांच्या वस्तीत राहतो.