हल्मिडीचा दगड आणि हल्मिडी गाव

भाषेच्या इतिहासात एखाद्या गावाचे नाव शिरले की गाव हळूहळू मागे पडते आणि नाव तेवढे उरते. कर्नाटकाच्या हासन जिल्ह्यातील, बेलूर तालुक्यातील हल्मिडी या लहानशा खेड्याचे असेच झाले आहे. भाषेच्या विद्यार्थ्याला हल्मिडी ठाऊक असते ती कन्नडच्या आरंभीच्या शिलालेखांपैकी एक म्हणून. त्या नावाचे गाव आजही नांदते आहे, हे त्याच्या मनात क्वचितच येते.

हा लेख १९३६ साली म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख डॉ. एम. एच. कृष्ण यांनी उजेडात आणला. सोळा ओळी, माथ्यावर विष्णूचे चक्र, आरंभी विष्णुस्तुतीचा संस्कृत श्लोक आणि पुढे संस्कृत शब्दांनी भरलेले कन्नड गद्य. लेखात कालनिर्देश नाही. लिपी आणि त्यातील कदंब राजाचा उल्लेख यांवरून तो साधारणपणे इ.स. ४५०च्या सुमाराचा धरतात. गावातील वीरभद्र मंदिरापुढचा हा दगड पुढे म्हैसूरला नेला गेला. गावात आज आहे ती मंडपात उभी केलेली फायबरग्लासची प्रतिकृती.

आमचा आक्षेप दगड हलवण्याला नाही. उन्हापावसात अक्षरे झिजू देण्यापेक्षा ते बरेच. आक्षेप आहे तो लेख वाचण्याच्या आपल्या रीतीला. सोळा ओळींतून आपण एक काळ आणि काही व्याकरणरूपे उचलतो व मजकूर सोडून देतो. तो मजकूर असा : केकय आणि पल्लव यांच्याशी झालेल्या लढाईत विज अरस नावाच्या वीराने पराक्रम केला, त्याबद्दल दोन्ही प्रदेशांच्या वीरांसमक्ष त्याला पल्मडि व मूळिवळ्ळि ही दोन गावे देण्यात आली. या दानाला लेखात ‘बाळ्गळ्चु’ असा शब्द आहे. बाळ् म्हणजे तलवार, कळ्चु म्हणजे धुणे. रक्ताने माखलेली तलवार धुतली जाताना दिलेले हे इनाम. दान हिरावून घेणाऱ्याला महापातक लागेल, असे बजावले आहे आणि बाजूच्या ओळीत भातजमिनीतील दहावा हिस्सा ब्राह्मणांना करमुक्त दिल्याची नोंद आहे.

म्हणजे हे गाव इतिहासात प्रथम येते ते दिली जाणारी वस्तू म्हणून. देणारे, घेणारे आणि साक्षी, सर्वांना लेखात जागा आहे. भातजमिनीचा उल्लेख आहे, पण त्या चिखलात उतरून लावणी करणाऱ्यांचा नाही. दोन गावांतील माणसांना आपण कोणाच्या वाट्याला गेलो हे कधी व कसे कळले असेल, याबद्दल दगड गप्प आहे. आमच्या मते साहित्याच्या वर्गात या लेखाचे वाचन इथूनच सुरू व्हावे. जे लिहिले आहे त्याच्या काठाशी उभे राहून, जे लिहिलेले नाही त्याचा आकार ओळखणे हेच तर आपले शिक्षण.

असे असूनही गावाने स्वतःची एक नोंद राखली आहे आणि तिला दगड लागला नाही. लेखातील पल्मडि म्हणजे आजचे हल्मिडी. जुन्या कन्नडमधील आरंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला. पाल् (दूध) चे हालु झाले, पळ्ळिची हळ्ळी झाली. पंधराशे वर्षे या गावाचे नाव घेत आलेल्या अनाम लोकांच्या तोंडीच हे ध्वनिपरिवर्तन घडले. लेखाने ज्यांना वगळले, त्यांनीच भाषेचा इतिहास पुढे चालवला.

‘सर्वांत जुना’ हा मान तर टिकाऊ नसतोच. शिवमोग्गा जिल्ह्यातील तालगुंद येथे सापडलेला एक लेख इ.स. ३७०च्या सुमाराचा असल्याचे २०१६ मध्ये मांडले गेले आणि हल्मिडीचा पहिला क्रमांक वादात सापडला. आपण मराठी वाचकांनी याचे नवल करू नये. आपला श्रवणबेळगोळचा लेखही याच हासन जिल्ह्यातला. तो आधीचा की अलिबागजवळच्या अक्षीचा, हा वाद आपणही हिरिरीने घातला आहे. त्या भरात अक्षी हे समुद्रकाठचे गाव आहे, याची आठवण किती जणांनी ठेवली?

क्रमांक उद्या बदलेल. एखाद्या शेतात नवा दगड निघेल आणि पाठ्यपुस्तकातील एक ओळ खोडावी लागेल. त्या दिवशी हल्मिडी अभ्यासातून गळून पडणार असेल, तर आपण ती कधी वाचलीच नव्हती, असे म्हणावे लागेल.