पातळपणाची किंमत
पातळ फोनचं जे कौतुक सध्या चाललंय, ते मला पटत नाही. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ एज २०२५च्या मे महिन्यात आला. जाडी ५.८ मिलिमीटर, वजन १६३ ग्रॅम. हातात घेतल्यावर मन हरखतं आणि कारागिरीही अव्वल आहे. पण त्याच घरातला एस२५ प्लस शेजारी ठेवून पाहा. पडदा तेवढाच, ६.७ इंची, बॅटरी मात्र तिकडे ४९०० एमएएच, इकडे ३९००. दूरचं टिपणारी टेलिफोटो लेन्सही एजमधून गेली. भारतात जाहीर झालेली किंमत प्लसची ९९,९९९ रुपये, एजची १,०९,९९९. म्हणजे कमी मिळावं म्हणून दहा हजार जास्त मोजायचे! शिवाय जाडी सांगताना कॅमेऱ्याचा उंचवटा धरतच नाहीत; एज टेबलावर उताणा ठेवून टाइप करू लागलं की डुगडुगतो. ॲपलच्या आयफोन एअरनेही तीच वाट धरली : मागे एकच कॅमेरा, सिमकार्डाला खाच नाही, जाहीर झालेली किंमत १,१९,९००. आणि आपल्याकडे बहुतेक जण पहिल्याच दिवशी फोनला जाड कव्हर चढवतात, मग वाचलेला दीड मिलिमीटर कुणाच्या कामाचा? लोकलचं तिकीट, भाजीचे पैसे, मुलांच्या शाळेचे निरोप, सगळं या एका यंत्रावर आलंय. ते संध्याकाळी बंद पडून चालत नाही. तेव्हा दुकानात रूपावर भाळण्याआधी विक्रेत्याला एवढं नक्की विचारा : बॅटरी केवढी, ती बदलायला खर्च किती आणि सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं मिळणार?