टाका शिकवा, नमुना उचला

क्रोशा शिकवायचा म्हणजे पुढ्यात नमुना ठेवून टाके मोजून घ्यायचे, ही आपली रीत. १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये सिल्व्हिया कॉश व जेम्स वॉल्टर्स यांनी नमुन्यावाचूनचे मुक्त विणकाम शिकवले. साखळी, मुका खांब, खांब हाती आले की मनाला येईल त्या दिशेने लहान तुकडे विणायचे, मग ते जोडायचे.

हा स्वैराचार नव्हे. टाकेच येत नसतील तर हाती गुंताच उरतो. आणि भीती कसली? खांब पुरा होताच सुईवर एकच टाका राहतो. चुकले तर तेवढे उसवावे, पुन्हा विणावे.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. तयार उत्तराबाहेर एक ओळ लिहितानाही माझा हात कापतो. गुरुजनहो, टाके जरूर घटवून घ्या. पण एकदा तरी समोरचा नमुना उचलून न्या.