नॉर्मल नाही; पुढे काय?

कला शाखेच्या वार्षिकात गटसिद्धान्तावर लेख पाहून काही वाचक पान उलटतील. त्यांनी थोडा धीर धरावा. कविता पुढे आहेतच. गणित घेऊन बी. ए. करणारे आम्ही मोजकेच, आणि आमच्या एका नेहमीच्या प्रश्नाबद्दल मला बोलायचे आहे. ‘दिलेला उपगट नॉर्मल आहे काय?’ उत्तर ‘आहे’ आले, तर पुढे क्वोशंट गटाचा सगळा संसार मांडला जातो. ‘नाही’ आले, की रेघ मारून पुढचा प्रश्न. माझे म्हणणे असे की, खरी गंमत या ‘नाही’नंतर सुरू होते.

तीन खुर्च्यांवर तीन जण बसले आहेत. जागा बदलण्याच्या रीती 6. त्यांतला एक उपगट घ्या: पहिल्या व दुसऱ्या खुर्चीवरच्यांनी अदलाबदल करायची, किंवा गप्प बसायचे. हीच रीत पहिल्या व तिसऱ्या खुर्चीवर नेली, की त्याचा जुळा भाऊ मिळतो (पुस्तकात त्याला कॉन्ज्युगेट म्हणतात). जुळा वेगळा निघाला, म्हणजे उपगट नॉर्मल नाही. परंतु या दोघांना एकत्र आणा. त्यांच्यातून सहाही रीती तयार होतात, आणि त्यांतच एकाला दुसऱ्यात बदलणारी रीतही सापडते: दुसऱ्या व तिसऱ्या खुर्चीची अदलाबदल. बाहेरून कोणाला बोलवावे लागत नाही. प्रत्येक जुळ्याबाबत असे घडले, तर तो उपगट प्रोनॉर्मल. ही कल्पना केंब्रिजच्या फिलिप हॉल यांची.

आता खुर्च्या 4, रीती 24. पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी यांची एकाच वेळी अदलाबदल घ्या. तिचा एक जुळा म्हणजे पहिली-तिसरी आणि दुसरी-चौथी. दोघांना एकत्र आणले, तर चारच रीती मिळतात, आणि त्या कोणत्याही क्रमाने केल्या तरी फरक पडत नाही. अशा घरात कोणी कोणाला बदलू शकत नाही, तिऱ्हाईत लागतोच. हा उपगट प्रोनॉर्मल नाही.

याहून सौम्य अट म्हणजे ‘वीकली प्रोनॉर्मल’. तिथे, ज्या रीतीने जुळा मिळाला तीच पुन्हा पुन्हा वापरून येणारे सगळे जुळे मदतीला घेता येतात. आमच्या या उपगटाला ती सवलतही पुरत नाही: दुसऱ्या व तिसऱ्या खुर्चीची अदलाबदल दोनदा केली, की आपण मूळ जागी परत!

उत्तरपत्रिकेत मात्र दोन्ही उदाहरणांना एकच ‘नाही’ आणि सारखेच गुण.

नॉर्वेतील शाळामास्तर लुडविग सायलो यांनी 1872 साली ज्या उपगटांचा सिद्धान्त मांडला, ते सगळे प्रोनॉर्मल असतात. सिद्धता दोन ओळींची: असा उपगट आणि त्याचा जुळा मिळून जो गट होतो, त्यातही ते दोघे सायलो उपगटच राहतात, म्हणून सायलोच्याच सिद्धान्ताने ते तिथल्या तिथे एकमेकांत बदलतात. नॉर्मल नसलेल्यांमध्ये केवढी मातब्बर मंडळी आहेत पाहा! आणि विषय संपलेलाही नाही. व्दोविन आणि रेविन या रशियन गणितज्ञांनी 2012 साली अंदाज बांधला, की सान्त साध्या गटांतील विषम निर्देशांकाचे सर्व उपगट प्रोनॉर्मल असावेत. पुढे तो चुकीचा ठरला, आणि ते दाखवणाऱ्यांत रेविन स्वतः होते.

प्राध्यापक म्हणतील, अभ्यासक्रम मोठा, तास थोडे. खरे आहे. पण आमच्यासारख्यांच्या घरी कॉलेजची पायरी कोणी चढलेले नसते. रात्री शंका विचारायला माणूस नाही. वर्गात जेवढे विचारले जाईल, तेवढेच आमच्यासाठी गणित. आणि प्रश्न ‘आहे की नाही’ एवढाच असेल, तर आम्ही उत्तर पाठ करतो, गुण मिळवतो आणि विसरतो. वरच्या दोन उदाहरणांना फळा आणि अर्धा तास पुरतो.

तेव्हा सरांना विनंती: येत्या अंतर्गत परीक्षेत ‘नॉर्मल नाही’ या उत्तराखाली एक ओळ जोडावी. ‘उपगट आणि त्याचा जुळा मिळून कोणता गट होतो ते लिहा.’ चार गुण ठेवले तरी चालतील.