पाचवी ते आठवी : घराचा शाळेशी धागा तुटतो तो इथेच

'आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही.' हे वाक्य आजही मोहल्ल्यात, कट्ट्यावर, लग्नाच्या मांडवात ऐकू येतं. ते आता खरं नाही. मे २०२३ मध्ये राज्य सरकारने शिक्षण हक्काच्या नियमांत बदल केला. पाचवीला आणि आठवीला वर्षाच्या शेवटी परीक्षा आली. त्यात मूल मागे पडलं तर पुन्हा परीक्षेची एक संधी मिळते. तीही हुकली तर मूल त्याच वर्गात राहू शकतं. आठवीपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही, एवढं संरक्षण कायम आहे.

नियम चांगला की वाईट, यावर शिक्षकांतही दोन मतं आहेत. आपला मुद्दा वेगळा आहे. एवढा मोठा बदल झाला आणि तो आपल्या अनेक घरांपर्यंत पोचलाच नाही. निकालाच्या दिवशी कळणं म्हणजे कळणं नव्हे. पहिलीच्या आईला शाळेतलं सगळं माहीत असतं. सातवीच्या आईला वर्गशिक्षकांचं नावही माहीत नसतं. असं का होतं?

मधली वर्षं मोकळी का राहतात?

कडेगाव तालुक्याचंच घ्या. गावातली जिल्हा परिषद शाळा कुठे चौथीपर्यंत, कुठे सातवीपर्यंत. पुढचा वर्ग गाठायचा तर मूल दुसऱ्या गावातल्या किंवा कडेगावातल्या हायस्कूलला जातं. उर्दू माध्यमाच्या मुलांना तर कधी गाव बदलतं, कधी माध्यमच बदलतं. गावातली शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर होती. गुरुजी रस्त्यात भेटायचे, "पोरगं दोन दिवस आलं नाही" म्हणून सांगायचे. हायस्कूलला विषयागणिक शिक्षक वेगळे. पालकांनी नेमकं कुणाला भेटायचं, इथूनच गोंधळ सुरू होतो.

त्यात घरचा कर्ता माणूस बऱ्याचदा गावात नसतो. विटा-खानापूर पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. आपल्यात कुणी ट्रकवर आहे, कुणी आठवडी बाजार फिरतो, कुणी पुण्या-मुंबईत गॅरेजला. शाळेची पालकसभा दुपारी दोनला, कामाच्या दिवशी. अब्बा येऊ शकत नाहीत आणि 'तिथं सगळे पुरुष असतील, मी काय बोलणार' म्हणून अम्मी येत नाही. मग सभेला तेच आठ-दहा पालक. शाळा म्हणते पालक उदासीन आहेत. पालक म्हणतात शाळा काही सांगत नाही.

सरकारी योजनांनीही आईला मुख्यतः खालच्या वर्गांत धरलं. 'निपुण महाराष्ट्र'मध्ये माता-पालक गट झाले. घरच्या घरी अक्षरओळख, मोजणी करून घेण्यासाठी आया एकत्र बसल्या. चांगला उपक्रम आहे. पण मूल पाचवी-सहावीत गेलं की त्याच आईला कुणी बोलवत नाही.

आणखी एक धागा तुटला, त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती. रक्कम फार मोठी नव्हती. पण त्या फॉर्मसाठी उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, गुणपत्रक घेऊन आई-वडील वर्षातून दोन-तीनदा तरी शाळेत यायचे. त्या निमित्ताने सरांशी बोलणं व्हायचं. केंद्र सरकारने २०२२ मध्ये पहिली ते आठवीसाठी ही शिष्यवृत्ती बंद केली. आठवीपर्यंतचं शिक्षण कायद्याने मोफतच आहे, असं कारण दिलं. पैसे गेले ते दिसलं. येणं-जाणं थांबलं ते दिसलं नाही.

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये दोन कलमं आहेत. ती प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावीत.

पहिलं कलम २४. शिक्षकांची कर्तव्यं त्यात लिहिली आहेत. त्यातलं एक असं की शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, अभ्यासातली प्रगती आणि इतर आवश्यक माहिती त्यांना द्यावी. म्हणजे 'माझं मूल कसं चाललंय' हे विचारणं हा उपकार मागणं नाही. सांगणं आम्हा शिक्षकांचं कायदेशीर काम आहे.

दुसरं कलम २१, शाळा व्यवस्थापन समितीचं. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत. निम्म्या जागा महिलांच्या. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेचं कामकाज पाहणं, विकास आराखडा तयार करणं, अनुदान कुठे खर्च झालं त्यावर लक्ष ठेवणं, ही समितीची कामं. वर्गखोली गळते, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, उर्दूची शिक्षकाची जागा रिकामी आहे, यातलं काहीही समितीच्या ठरावातून वर पाठवता येतं. तोंडी तक्रार हवेत जाते, ठरावाला आवक क्रमांक मिळतो.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या शाळांत, मग ती मराठी असो वा उर्दू, समितीला हे पूर्ण अधिकार आहेत. अनुदानित खासगी शाळा आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत २०१२ च्या दुरुस्तीने समितीची भूमिका सल्ल्यापुरती ठेवली. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमती प्रकरणात अल्पसंख्याक शाळांना हा कायदाच लागू नाही असा निकाल दिला. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. कोर्टात जे व्हायचं ते होईल. पण आपल्या समाजाच्या संस्थांनी पालकांना बरोबर घेण्यासाठी कोर्टाची वाट का पाहावी? संस्था आपली, मुलं आपली, मग सभेत पालकांच्या खुर्च्या रिकाम्या का?

माहिती नसण्याची किंमत

ही किंमत पैशातही मोजता येते. आठवीत एनएमएमएस नावाची परीक्षा असते. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत साधारण ५५ टक्के गुण. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. मात्र सातवीचे गुण लागतात, म्हणजे तयारी सातवीतच सुरू व्हायला हवी. आठवीच्या दिवाळीत 'असं काही असतं का हो?' म्हणून विचारलं तर उत्पन्नाचा दाखला निघेपर्यंत मुदत संपलेली असते.

दुसरी किंमत नावाची. आपल्याकडे 'शेख' इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. मोहम्मद, महंमद, मुहम्मद. शाळेच्या रजिस्टरला मधे वडिलांचं नाव आणि शेवटी अत्तार, तांबोळी, मणेर, मुल्ला. आधारवर नुसतं नाव आणि आडनाव. आता विद्यार्थ्यांचा 'अपार' क्रमांक पालकांच्या संमतीने काढतात. तेव्हा शाळेचं नाव आणि आधारचं नाव जुळावं लागतं. मूल पटावर असताना ही दुरुस्ती त्यातल्या त्यात सोपी. दाखला हातात पडल्यावर, दहावी झाल्यावर तीच दुरुस्ती चपला झिजवते.

तिसरी किंमत सगळ्यात जड, ती मुली मोजतात. २००६ च्या सच्चर समितीने नोंदवलं होतं की ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एक तर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधेच सुटली होती. त्यानंतर परिस्थिती सुधारली आहे, आपल्या मुली पुढे शिकतायत. तरीही गावातली सातवी संपली की 'आता एवढ्या लांब कशाला' हा प्रश्न घरात उठतोच. त्या वेळी घरात कुणाला माहीत असतं का, की ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा शाळेचा पास मोफत आहे? मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत 'सखी सावित्री' समिती असायला हवी, असा मार्च २०२२ चा शासन निर्णय आहे? बदलापूरच्या २०२४ च्या घटनेनंतर प्रत्येक आईच्या मनात भीती आहे आणि ती खोटी नाही. भीतीपोटी मुलीला घरी बसवण्याआधी शाळेत जाऊन विचारा : समितीत कोण आहे, तक्रारपेटी कुठे आहे, ती कधी उघडतात?

'आम्ही कुठं शिकलेलो?'

पालकांचं हे उत्तर ठरलेलं असतं. त्यावर आपल्याच तालुक्यातलं देवराष्ट्रे गाव आठवावं. यशवंतराव चव्हाणांचा जन्म तिथला. वडील लवकर गेले. आई विठाबाई शाळा शिकलेल्या नव्हत्या, पण मुलाची शाळा त्यांनी सुटू दिली नाही. अभ्यास घ्यायला शिक्षण लागतं. अभ्यासावर लक्ष ठेवायला फक्त विचारावं लागतं.

शाळांसाठीही शेजारीच धडा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे मुष्टिफंड उभा राहिला. घराघरातल्या बाया मूठभर धान्य बाजूला काढायच्या. त्या मुठीमुळे शाळा त्या बाईचीही झाली. आज शाळा व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ टाकते आणि 'कळवलं' म्हणते. फोन मुलाच्याच हातात असतो. ज्याच्याबद्दल निरोप आहे, तोच निरोप उघडतो.

काय करता येईल?

शाळांनी पालकसभा संध्याकाळी किंवा रविवारी ठेवावी. आयांसाठी वेगळी बसायची सोय करावी, महिला शिक्षिका समोर असावी. सूचना दोन ओळींची, सोप्या मराठीत किंवा उर्दूत असावी आणि तिचा व्हॉइस मेसेजही करावा. न वाचता येणारी आजीसुद्धा तो ऐकेल. सलग तीन दिवस गैरहजर मुलाच्या घरी फोन गेलाच पाहिजे.

जमातीने काय करावं? कडेगावला हे शिकवायची गरज नाही. मोहरमचे गगनचुंबी ताबूत उभे राहतात तेव्हा कुणाचा मान कोणता, काम कोणतं, हे हिंदू-मुस्लिम दोन्हीकडच्या घरांना ठाऊक असतं. कुणाला दोनदा सांगावं लागत नाही. तशीच वाटणी शाळेसाठी व्हावी. जुम्म्याच्या नमाजनंतर पालकसभेची तारीख आणि शिष्यवृत्तीची मुदत जाहीर व्हावी. मोहल्ल्यातल्या दोन पदवीधर पोरांनी फॉर्म भरून द्यावेत. समितीची निवड होईल त्या सभेला आपल्या दोन आया तरी हजर राहाव्यात, यासाठी आधी घरोघरी बोलावं.

आणि पालकांनी? जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात एकदा शाळेत जा. चार प्रश्न विचारा. माझ्या मुलाची हजेरी किती? कोणत्या विषयात तो मागे आहे? या वर्षी कोणती परीक्षा, कोणता फॉर्म आणि मुदत कधी? रजिस्टरवरचं नाव आधारशी जुळतं का? उत्तरं वहीत लिहा, दिवाळीनंतर पुन्हा जा आणि तेच चार प्रश्न परत विचारा. दुसऱ्या वेळी आम्हा शिक्षकांना उत्तरं तयार ठेवावी लागतील. तिसऱ्या वेळी तुम्ही विचारायच्या आधीच आम्ही सांगू.