टाळ्यांचा हिशेब

टाळेबंदीत पेपरांतून एक नवी पोथी सुरू झाली होती. कृतज्ञतेची पोथी. सकाळच्या चहाचे आभार माना. गॅलरीत आलेल्या चिमणीचे आभार माना. घरात निवांत बसायला मिळालं म्हणून आभार माना. वाचून माझं टाळकं सरकलं. कुणाची गॅलरी? कुणाचं निवांत? आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं. संडासाला रांग, नळाला रांग. आणि वरून हुकूम: सहा फूट अंतर ठेवा! अरे, अंतर आम्हाला शिकवता? अंतर हाच तर तुमचा धर्म होता!

22 मार्च 2020. संध्याकाळचे पाच. समोरच्या टॉवरांतून थाळ्या वाजायला लागल्या. माझी आई ठेकेदाराकडं कंत्राटी झाडूवाली. त्याच टॉवरांचा कचरा उचलते. आवाज ऐकून ती बाहेर आली.

"गिराण लागलं का काय रे?"

"नाही आई, तुझ्यासाठी वाजवतायत. आभार मानतायत."

ती हसली. "माझ्यासाठी? मग हातमोजे द्या म्हणावं."

एवढंच बोलली. पण ते गिराण माझ्या डोक्यातून गेलं नाही. ग्रहणाच्या दिवशी आपल्या माणसांना 'दे दान, सुटे गिराण' ओरडत गावभर फिरवलं जायचं. दान दिलं की गावाचं ग्रहण सुटायचं. आपलं तसंच राहायचं. या टाळ्या दुसरं काय होत्या? फुकटचं दान! दुसऱ्या दिवशी त्याच टॉवरात तिला सांगितलं, लिफ्टला हात लावायचा नाही, जिन्यानं चढ. काल आभार, आज जिना.

इथंच लेख संपवला असता तर सोपं होतं. दुसऱ्याला शिव्या घालायला काय लागतं? पण मलाही जबाब द्यायचाय.

एप्रिलमध्ये वस्तीत रोग शिरला. घरात आजी दम्याची. मी बी. ए. झालेला, मोबाईलवर सगळं वाचलेला. मी आईला उंबऱ्याबाहेर थांबवायला लागलो. हात धुवा, कपडे बदला, इथवर ठीक होतं. भीती खोटी नव्हती. पण मी तिचं ताट वेगळं काढलं. पेला वेगळा काढला. एका दुपारी ती उन्हातून आली, म्हणाली, "पाणी दे रे बाळा." पेला मला सापडला नाही. मी तांब्या घेतला आणि वरून धार धरली. तिनं मुकाट्यानं ओंजळ केली. सवयीनं केली. ही सवय तिला महामारीनं लावली नव्हती.

20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्र्याण्णव वर्षांनी मी माझ्याच आईला वरून पाणी वाढलं. भर घरात मनू उभा होता, आणि त्याच्या हातात माझा तांब्या होता.

सरकारला 2020 च्या महामारीत 1897 चा साथरोग कायदा बरोबर आठवला. त्याच 1897 मधली सावित्रीमाई कुणाला आठवली? पुण्यात प्लेग होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं तापानं फणफणलेलं पोर माईंनी पाठीवर घेतलं आणि यशवंतच्या दवाखान्यात नेलं. त्यातच 10 मार्चला त्या गेल्या. तिनं पाठ दिली. मी दोन हात लांबून धार धरली.

मग कृतज्ञता नको? हवी! पण चिमणीची नको. चारला उठून हजेरी चौकीवर जाणाऱ्या बाईची हवी. आईची पाळी होती तेव्हा नळावर तिचा हंडा भरून ठेवणाऱ्या शेजारणीची हवी. शहर घरात बसलं तरी शहर कुजलं नाही, ते या हातांमुळं. आणि कृतज्ञता म्हणजे गोड बोलणं नव्हे. कृतज्ञता म्हणजे देणं. देणं म्हटलं की हिशेब आला.

घ्या हिशेब. जुलै 2020 मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीत शंभरातल्या 57 जणांच्या रक्तात रोग येऊन गेल्याची खूण सापडली. इमारतींत 16. घरी बसा म्हणणारे घरी बसले. त्यांना घरी बसवणारे मात्र रस्त्यावर होते. रोगानं जात विचारली नाही म्हणतात. त्याला विचारायची गरजच नव्हती. घरं, रांगा, कामं आधीच जातीनं वाटून ठेवलेली होती.

आई आजही कंत्राटीच आहे. एक खाडा पडला की पैसे कापले जातात. आजारपणाची रजा नाही. टाळ्यांची पावती कुठल्याच वाण्याकडं चालली नाही.

म्हणून, दोस्तहो, दोन कामं. घरात कामावरून येणाऱ्या माणसाच्या हातात पाण्याचा पेला द्या, हाताला हात लावून द्या. साबण आहे, विज्ञान आहे, ओंजळ नको. आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाबरोबर चौकीवर जा. हजेरीचं पुस्तक बघा. पगाराची पावती मागा. हातमोजे मागा. कायम करा म्हणून अर्ज लिहा, सह्या घ्या, पोरं जमवा.

थाळ्या वाजवून झाल्या. आता त्या थाळीत काय पडतं ते विचारायचं आहे.

जय भीम!